प्रश्न क्रमांक अकरा

माणसाने यापुढे अंतराळात कुठे जायचं हे ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीची ती सदतिसावी बैठक होती. आधीच्या छत्तीस बैठकांचा चहा, इतिवृत्तं आणि डोकेदुखी हेडक्लार्कनीच निस्तरली होती. तीन वर्षं झाली तरी गाडं चंद्र आणि मंगळ यांच्यामध्ये अडकून पडलं होतं. चंद्रवाले साहेब चंद्राला दहापैकी दहा आणि मंगळाला शून्य गुण देत. मंगळवाले साहेब नेमकं उलट करत. डॉक्टरीणबाई दोघांनाही सारखेच गुण देत, कारण त्यांच्या मते माणसाने मुळात घरी बसावं. संचालक अध्यक्ष होते, त्यामुळे ते कुणालाच काही देत नसत. मग बरोबरी व्हायची, बिस्किटं संपायची आणि पुढची तारीख पडायची.

आज मात्र वरून तंबी आली होती. संध्याकाळी पाचच्या आत नाव हवं. संचालकांनी हेडक्लार्कच्या रजेचा अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला आणि सांगितलं, "नाव वर गेलं की तुम्ही सुटलात. नाही गेलं, तर आपण सगळेच इथे."

हेडक्लार्कना उद्या सकाळच्या गाडीने मुलीकडे जायचं होतं. नात सात महिन्यांची झाली होती आणि आजोबांनी तिला अजून फोनवरच पाहिलं होतं. आधी दोनदा ठरलेली रजा रद्द झाली होती, एकदा चंद्रापायी आणि एकदा मंगळापायी. आता तिसऱ्यांदा हेच घरी जाऊन सांगण्याची त्यांच्यात हिंमत उरली नव्हती.

सकाळी ते गुणपत्रिका टाइप करत बसले होते. नेहमीचे सहा प्रश्न झाले आणि तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"जावईबापूंना विचारून घ्यायचंय. सांगते ते लिहून घ्या, नाहीतर विसराल."

त्यांनी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला. तीस वर्षं दुसऱ्यांनी सांगितलेलं टाइप करण्यात गेल्यामुळे त्यांच्या कानांचा बोटांशी थेट व्यवहार चालत असे. मध्ये डोक्याला त्रास द्यावा लागत नसे.

"पाणी रोज येतं का? जिना किती चढायचा, माझे गुडघे तुम्हाला माहीतच आहेत. आपल्या जाण्याने तिथे कुणाची अडचण तर होणार नाही ना? परत कधी यायचं? आणि शेवटचं. आपण खरंच जायला हवं का? मनापासून बोलावतायत की आपलं उगाच, ते तुम्ही अंदाजाने बघा."

साहेबलोकांच्या बोलण्यातला पाल्हाळ गाळायची सवय असल्यामुळे गुडघे आणि अंदाज तेवढे गळले. बाकीचे पाच प्रश्न सात ते अकरा असे क्रमांक घेऊन गुणपत्रिकेत जाऊन बसले. फोन ठेवल्यावर हेडक्लार्कनी प्रती काढल्या, टाचणी मारली आणि सगळ्यांच्या पुढ्यात ठेवल्या.

"हे सात ते अकरा नवीन दिसतायत," चंद्रवाले साहेब चष्मा वर सरकवत म्हणाले.

हेडक्लार्कनी आपली प्रत उघडली, तर तिथे बायकोचेच प्रश्न. "साहेब, ते चुकून आलंय. मी आत्ता काढून टाकतो."

"क्रमांक पडलाय ना?" संचालक म्हणाले. "मग काढता येणार नाही. सात दिवसांची नोटीस द्यावी लागेल, नवी बैठक बोलवावी लागेल. द्यायची का नोटीस?"

सात दिवस म्हटल्यावर हेडक्लार्क मुकाट्याने खाली बसले.

"वरूनच आले असणार," मंगळवाले साहेब कागद न्याहाळत म्हणाले. "पाणी रोज येतं का. बघा, किती नेमकं विचारलंय. बर्फ आहे हे आपण ओरडून सांगतो, पण तो रोज वितळवून प्यायला कोण देणार?"

पाण्यावर दोघांची बरोबरी झाली. जिन्यापाशी मात्र चंद्रवाल्या साहेबांना चेव आला. "यानाची शिडी चढायची आहे. चंद्रावर वजन सहाव्या हिश्श्याचं. मंगळावर एक तृतीयांशाच्याही वर. मांडा गुण." मंगळवाल्या साहेबांनी बरीच बोटं मोडली, पण आकड्यांपुढे त्यांचं काही चालेना. बायकोच्या गुडघ्यांना चंद्र मानवेल, असा एक विचार हेडक्लार्कच्या मनात येऊन गेला.

आपल्या जाण्याने कुणाची अडचण तर होणार नाही ना, या प्रश्नावर डॉक्टरीणबाई प्रथमच सरसावून बसल्या. मंगळावर एखादा सूक्ष्म जीव असलाच, तर आपण आपले जंतू नेऊन त्याचं वाटोळं करू, असं त्यांनी सांगितलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा दोन जागांना वेगवेगळे गुण दिले. परत कधी यायचं, याला चंद्रवाल्यांचं उत्तर होतं तीन दिवसांत.

"अडीच-तीन वर्षं लागतील," मंगळवाले साहेब म्हणाले. "पण चंद्रावर माणसं जाऊन आलीत. त्याला पुढचं ठिकाण कसं म्हणायचं?"

"जाऊन आली. राहिली कुठे?"

"ठीक आहे, लिहा चंद्र. मीही थकलो आता."

बेरीज झाली. चंद्र पुढे होता. साडेचार वाजले होते आणि हेडक्लार्कना हायसं वाटलं. अकरावा प्रश्न कोरा होता, हे संचालकांच्या लक्षात येईपर्यंत ते वाटत राहिलं.

"आपण खरंच जायला हवं का," संचालकांनी मोठ्याने वाचलं. "हे कोरं ठेवलं तर फाइल परत येईल."

चंद्रवाल्यांनी 'मानवजातीच्या उज्ज्वल भवितव्यासाठी' असं लिहायला घेतलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना थांबवलं. "हे भाषण झालं. पाठवलेली माणसं धडधाकट परत येतील याची हमी मी देऊ शकत नाही. त्यांच्या घरच्यांना सांगता येईल असं काहीतरी लिहा, नाहीतर मी सही करणार नाही."

तीन वर्षं कुठे जायचं यावर भांडण्यात गेली होती. का जायचं, हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. घड्याळात पावणेपाच झाले.

"तुम्हीच लिहा हो काहीतरी," संचालक वैतागून हेडक्लार्कना म्हणाले.

हेडक्लार्कनी पेन उचललं. मानवजात, भवितव्य वगैरे आठवण्याइतकं त्राण त्यांच्यात नव्हतं. त्यांनी आपल्याला जे वाटत होतं तेच लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.

संचालकांनी वाचलं, "हो. किती दिवस नुसतं लांबून बघायचं?"

डॉक्टरीणबाईंनी ती ओळ स्वतः पुन्हा एकदा वाचली आणि सही केली. मग चंद्रवाल्यांनी केली. शेवटी मंगळवाल्या साहेबांनीही सही केली आणि पेन खाली ठेवलं.

"हे आपल्याला तीन वर्षांत कसं सुचलं नाही?"

"तुम्हाला कुठे उद्या सकाळची गाडी होती, साहेब," हेडक्लार्क म्हणाले आणि रजेच्या अर्जासाठी त्यांनी संचालकांपुढे हात केला.