विनापरवाना शांतता

बोईसरच्या रासायनिक कारखान्यांना लागून असलेल्या एका गाळ्यात धीरजने गिटारवर रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, बसवली आणि त्या रिफमध्ये एक थांबा होता, एवढाच त्याचा गुन्हा. डेथ मेटलच्या कर्कश संगीतात रिफ कशी हवी? ड्रमचा बेफाम मारा, त्यावर तारांची खरखर, आणि ऐन भरात सगळं एकदम गप्प. त्या गप्पपणातच धीरजचा जीव अडकला होता.

आवाजाबद्दल कुणी ब्र काढला नाही. पण पहिला थांबा आला आणि अख्खी वस्ती रस्त्यावर धावली. इथे यंत्रांची घरघर अचानक थांबली की काहीतरी फुटलं समजून पळायचं, हे पोरांना चालायच्या आधी शिकवतात.

"वाजव ना मेल्या, किती वाजवायचं ते!" शेजारची ठकीमावशी धापा टाकत म्हणाली. "पण मदी थांबू नको. जिवाला घोर हाय आमच्या."

वस्तीची सुरक्षा समिती बसली. अध्यक्ष कृष्णकांतराव नाकाला रुमाल लावून बोलले. तिथे सगळेच तसे बोलत.

"आवाजाला आमची हरकत नाही. हरकत विनापरवाना शांततेला आहे."

"साहेब, थांबा काढला तर रिफ मरेल."

"मरू द्या. माणसं जगतील."

थांबा गेला. मग ड्रमवाल्या विपुलने विचारलं, "पन गाणं संपवायचं कसं?"

समिती पुन्हा बसली. संपणे ही थांबण्याचीच गंभीर अवस्था असल्याचा निष्कर्ष निघाला. तेव्हापासून गाणं कारखान्यासारखं पाळ्यांमध्ये वाजू लागलं. बाया त्यावर पोरं झोपवू लागल्या, बँडला सुरक्षा पुरस्कार मिळाला आणि धीरजला स्वतःच्याच गाण्याची शिसारी आली.

एका भर दुपारी त्याने विपुलला खूण केली आणि तारांवरून हात उचलला. थांबा ऐकताच कामगारांनी नियमाप्रमाणे यंत्रं बंद केली आणि तेही बाहेर पळाले.

काहीच फुटलं नव्हतं. त्या शांततेत ऐकू आला तो खोकला. ठकीमावशीचा, तिच्या नातवाचा, कृष्णकांतरावांचा. धीरजला त्यात आपल्या आईचाही ओळखू आला आणि त्याला रडू फुटलं.

ठकीमावशीने हात जोडले. "वाजव रे पोरा! आमाला नाय ऐकवत."

धीरजने गिटार उचलली नाही. तेव्हा कृष्णकांतरावांनीच घाईघाईने मोबाईलवर गाणी लावली आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, जमेल तेवढा.

तुमच्याही घरात आत्ता काहीतरी वाजत असेलच. बंद करून बघा, कोण खोकतंय ते.