ब्रेकबाईंचं बोलणं बंद

"गप्प बसणं ही काय विद्या आहे? तोंड मिटायचं, झालं! पंधरवडा कसला, महिनाभर बसून दाखवते!"

हे ब्रेकबाईंनी घशाच्या डॉक्टरांना असं ठणकावून सांगितलं, की बाहेर बाकावर बसलेला पेशंट आपलाच नंबर पुकारला समजून आत आला. आवाज मोठा होता खरा, पण फुटक्या सायलेन्सरमधून निघावा तसा फाटलेला होता.

बाईंचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून "ब्रेक! अहो, ब्रेक! तो नव्हे, तो ॲक्सिलरेटर!" असं ओरडण्यात त्यांची उभी हयात गेली होती. त्यांच्याकडून शिकून गेलेला एक गृहस्थ घरात बायको जरा चढ्या आवाजात बोलली, तरी उजवा पाय जमिनीवर दाबायचा म्हणे! ब्रेकबाई हे नाव पडलं ते त्यावरूनच, आणि बाईंनाही ते मनातून आवडायचं.

"स्वरतंतू सुजलेत," डॉक्टरांनी पुन्हा बजावलं. "पंधरा दिवस एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं तर जास्त ताण पडतो. नाही ऐकलंत तर ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज हाच राहील याची मी खात्री देत नाही."

बाई पहिल्यांदाच घाबरल्या. आवाज नसलेली ड्रायव्हिंगची बाई म्हणजे हॉर्न नसलेला ट्रक! डॉक्टरांनीच मग सुचवलं, की डोंगरात गरम पाण्याचे झरे आहेत, तिथे राहायची सोय चांगली आहे, वाफ घ्या, विश्रांती घ्या.

बाईंच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. हा माणूस इतका कमी बोलायचा, की गिऱ्हाईक समोरच्या फळ्यावरची अक्षरं वाचून दाखवायचं आणि हे फक्त काच बदलायचे. घरात दोघांच्या वाटणीचं बाईच बोलायच्या. पण आता नाइलाज होता. निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी पाटीवर लिहिलं, 'तिथे माझ्या वतीनं तुम्ही बोलायचं.'

"बरं," यजमान म्हणाले.

घाटातून गाडी अर्थातच बाईंनी चालवली. यजमानांनी घरच्या गाडीच्या स्टिअरिंगला कधी हात लावला नव्हता. ते शेजारी मांडीवर थर्मास धरून बसले होते. मागून हॉर्न वाजवणाऱ्या एका जीपवाल्याला चार शब्द सुनवावेत असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी आवंढा गिळला. गप्प राहून आठवडा उलटला होता, आणि बाईंना वाटत होतं, की आता उरलेले दिवस काय, उतारावरची गाडी!

जागा खरोखर छान होती. दगडी पायऱ्या, लाकडी ओवऱ्या, खाली तीन कुंडं, आणि त्यांच्यावर दुधावर साय धरावी तशी वाफ. गंधकाचा वास पहिल्या तासाला नकोसा वाटायचा, दुसऱ्या तासाला कळायचाही नाही. फोन काउंटरवर जमा करायचे, आणि सगळ्यांना एकाच मापाचा पांढरा झगा मिळायचा. बाईंना तो गच्च बसला आणि यजमान त्यात मिटलेल्या छत्रीसारखे दिसायला लागले.

बाई मधल्या कुंडात गळ्यापर्यंत उतरल्या. अंगातली सगळी हाडं एकेक करून सैल झाली. काठावर यजमान पाण्यात पाय सोडून बसले होते. शेजारी दोन माणसं होती. एक वकीलबाई, ज्यांचा सगळा जन्म नवरा-बायकोचे खटले चालवण्यात गेला होता. आणि एक निवृत्त मास्तर, ज्यांनी शाळेत तीस पिढ्या वक्तृत्व शिकवलं असं ते स्वतःच सांगत. पिढ्या म्हणजे वर्षं असावीत.

वकीलबाईंनी बाईंना विचारलं, "पाणी छान आहे ना?"

बाई हसल्या आणि त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं. म्हणजे, यांना विचारा.

"हिचं बोलणं बंद आहे," यजमान म्हणाले.

वकीलबाईंचे कान टवकारले. "कधीपासून?"

"आठवडा झाला."

"अरेरे! मग तुम्ही काय केलंत?"

यजमानांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मी काय करणार? खरं सांगू का, घर जरा शांत वाटतंय."

कुंडात बाईंनी डोळे मोठे केले.

"असं किती दिवस चालणार?" मास्तरांनी विचारलं.

"अजून आठवडाभर वाट बघायची. डॉक्टर म्हणाले, डोंगरात जाऊन बघा, फरक पडला तर पडला. नाहीतर कापून टाकायचं आणि मोकळं व्हायचं!"

आयुष्यात एवढं लांब भाषण यजमानांनी प्रथमच केलं होतं, आणि बायकोच्या वतीनं बोलायचं काम आपण फत्ते केलं अशा समाधानानं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बाईंनी दोन्ही हात पाण्याबाहेर काढून जोरजोरात हलवले.

"बघा, तिला पाणी आवडलं," यजमान म्हणाले.

"आवडलं नाही हो, बुडतेय बिचारी, संसारात!" वकीलबाई पुटपुटल्या आणि झग्यासकट कुंडात उतरल्या.

तिथून पुढे जे सुरू झालं त्याचं बाईंच्या हातात ना स्टिअरिंग होतं, ना ब्रेक. वकीलबाईंनी पाण्यातच त्यांचा हात हातात घेतला. "काही बोलू नका. मी शेकडो बायका पाहिल्यात. हे गप्प दिसणारे नवरेच जास्त त्रास देतात."

बाईंनी मान हलवली. नाही, नाही!

"नाही ना सहन होत? कळतं मला!"

बाई तडक उठल्या, ओल्या झग्यात निथळत काउंटरवर गेल्या, तिथल्या मुलीकडून खुणेनं कागद मागून घेतला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'आमचं भांडण झालेलं नाही. माझा घसा सुजला आहे.'

मागून आलेल्या वकीलबाईंनी कागद वाचला आणि त्यांचे डोळे पाणावले. "बघितलंस?" त्या काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या. "रडून रडून घसा सुजलाय, आणि तरी नवऱ्यावर एका शब्दाचा ठपका नाही! असा सोशिकपणा आजकाल बघायला मिळत नाही."

आजवर बाईंना कोणी सोशिक म्हटलं नव्हतं. त्या क्षणभर गडबडल्या, आणि तेवढ्यात कागद वकीलबाईंच्या झग्याच्या खिशात गेला.

जेवणाच्या वेळेपर्यंत सगळ्या स्पाला कळलं होतं. वाढपी यजमानांच्या ताटात रागानं भात आपटत होता, आणि बाईंना न मागता दुप्पट गोड मिळत होतं. मालिश करणारी बाई मालिश करता करता म्हणाली, "ताई, आमच्या शेजारणीनं असाच एक सोडला. आता टवटवीत दिसते!" बाई उशीत तोंड खुपसून हसल्या. तिला वाटलं हुंदका आला. तिनं तेल जास्त ओतलं.

संध्याकाळी वकीलबाईंनी व्यवस्थापकांना गाठून यजमानांची खोली बदलून घेतली. "काही दिवस अंतर बरं असतं," त्यांनी यजमानांना समजावलं.

"बरं," म्हणून यजमान आपली उशी काखोटीला मारून वरच्या मजल्यावर गेले. पुरुषांनी वर झोपायचं असा इथला नियम असेल, असं त्यांना वाटलं.

दारातून त्यांची पाठमोरी मूर्ती पाहताना बाईंना एकदम कसंसंच झालं. मागून हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, ऑपरेशन आठवलं, आणि मिटलं. रोज झोपताना त्या दिवसभराच्या शिकाऊ लोकांच्या गमती सांगायच्या आणि यजमान "बरं" म्हणायचे. आज सांगण्यासारखं केवढं तरी होतं, आणि "बरं" म्हणणारा माणूस वर गेला होता!

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मास्तरांनी यजमानांचा ताबा घेतला. ओवरीच्या टोकाला दोघं फेऱ्या मारत होते आणि खालच्या कुंडातून बाईंना तुकडे तुकडे ऐकू येत होते.

"पोटातून बोला! हात मागे नको. आणि मोघम माफी मागायची नाही. चूक नेमकी सांगायची!"

"चूक म्हणजे कुठली?"

"ती तुम्हाला माहीत! प्रत्येक नवऱ्याची एक तरी असते. आठवा."

यजमान थांबले. त्यांनी चष्मा काढला, झग्याला पुसला, परत घातला. आणि बाईंनी पाहिलं, की त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. काहीतरी आठवलं होतं! बाईंच्या छातीत गरम पाण्यातही गार शिरशिरी गेली. इतका वेळ ही सगळी गंमत होती. पण या माणसाला खरंच काही कबूल करायचं असेल तर?

दुपारच्या चहानंतर सगळी मंडळी कुंडाभोवती जमली. पांढऱ्या झग्यांतली पंचवीस-तीस माणसं. लांबून पाहणाऱ्याला कापसाचं दुकान वाटलं असतं. वकीलबाईंनी बाईंना पुढे खुर्चीत बसवलं. मास्तरांनी यजमानांना समोर उभं केलं आणि हळूच ढोसलं.

"मला," यजमान म्हणाले आणि थांबले. "मला तुला एक सांगायचंय. खूप दिवसांपासून."

बाई खुर्चीच्या कडेला आल्या.

"लग्न झाल्यावर तू म्हणाली होतीस, मी तुम्हाला गाडी शिकवते. मी म्हटलं, मला लांबचं नीट दिसत नाही. ते खोटं होतं. मला छान दिसतं. मला तुझी भीती वाटायची. म्हणजे तुझी नाही, शेजारच्या सीटवरच्या तुझी. घरातली तू मला आवडतेस. तुझं बोलणंही आवडतं. शांत घर दोन दिवस बरं वाटलं, मग दुकानातून लवकर यावंसंच वाटेना. पण तू शेजारी बसून माझ्यावर ओरडली असतीस ना, तर मी नंतर घरीसुद्धा तुला घाबरलो असतो. म्हणून मी नाही म्हटलं."

कुणीतरी नाक ओढलं. बाईंचे डोळे भरून आले. एवढंच होय! त्या उठून त्यांचा हात धरणार, इतक्यात यजमानांनी, मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे, चूक नेमकी सांगितली.

"आणि मग मी दुसरीकडे शिकलो. लायसन्सही काढलंय. दुकानात, फ्रेमच्या खणात ठेवलंय."

"कुणाकडे?"

हा आवाज कुठून आला ते आधी कुणालाच कळलं नाही. डोंगरावरून तो परत आला, तेव्हा कळलं. वाढप्याच्या हातातून ट्रे पडला, आणि खालच्या कुंडातला एक जण दचकून पाण्याखाली गेला.

"बोलली!" वकीलबाई ओरडल्या. "अहो, बोलली!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांनी यजमानांना मिठी मारली. वकीलबाईंनी झग्याच्या खिशातून कालचा कागद काढून त्यानंच डोळे पुसले.

त्या गदारोळात यजमान अगदी हळू आवाजात म्हणाले, "गॉगलवाल्याकडे."

गॉगलवाला म्हणजे बाईंच्या समोरच्या फुटपाथवरच्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलचा मालक. हा माणूस ढगाळ हवेतही काळा गॉगल लावून फिरायचा. बाई कितीतरी वर्षं जेवताना ज्याच्या नावानं बोटं मोडत होत्या आणि ऐकून यजमान "बरं" म्हणत होते, तो हाच!

बाईंनी पुन्हा तोंड उघडलं, पण या वेळी आतून नुसती हवा आली.

काउंटरवरून डॉक्टरांना फोन लावला. "पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजा," त्यांनी शांतपणे सांगितलं. मग यजमानांनी बायकोच्या वतीनं सगळ्यांना घशाची हकिगत समजावून सांगितली. वकीलबाईंना ती काही पटली नाही. जाताना त्यांनी बाईंच्या मुठीत आपलं कार्ड कोंबलंच.

निघायच्या दिवशी सकाळी गाडीपाशी आल्यावर बाईंनी काही न लिहिता, न खुणावता, किल्ली यजमानांच्या हातावर ठेवली आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. बघूच दे, गॉगलवाल्यानं काय दिवे लावलेत ते! चूक झाल्याशिवाय राहते का? घाट होता, वळणं होती, मध्येच धुकं होतं.

यजमानांनी आरसा नीट केला. गाडी अशी सुटली, की थर्मासमधलं पाणीसुद्धा हललं नाही. पहिलं वळण आलं. गिअर वेळेवर पडला. समोरून बस आली, तिला जागा मिळाली. उतारावर इंजिन गुरगुरलं नाही, की ब्रेक किंचाळला नाही. बाई डोळ्यांत तेल घालून चूक शोधत होत्या. घाट अर्धा संपला, तरी एकही सापडली नाही! गॉगलवाला इतकं चांगलं शिकवतो? मग आपण इतकी वर्षं घसा फोडून काय केलं?

शेवटी त्यांना राहवेना. डॉक्टरांची मनाई मोडून त्या कुजबुजल्या, "अहो, त्यानं असं काय शिकवलं हो तुम्हाला?"

यजमानांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"काही नाही. गाडी सुरू झाली की तो शेजारी झोपायचा. गॉगलमुळे मला आधी कळलंच नाही. मग त्याची झोपमोड होऊ नये म्हणून मी आपला जपून चालवायचो."

बाईंनी सीट मागे सरकवली, मान टेकली आणि डोळे मिटले. झोप लागली होती की नुसतंच मिटले होते, ते यजमानांनी विचारलं नाही. पुढचं वळण त्यांनी आणखीच हळू घेतलं.