फेसदरबार आणि चोवीस बाटल्यांचा वेढा

श्री धान्यदेवता प्रसन्न. जव, पाणी, कडू फुले आणि आंबवण या बियर घडविणाऱ्या चौघांस प्रथम नमस्कार, मग वाचणारांस नमस्कार. शके १९२० बहुधान्य नाम संवत्सरे, ज्येष्ठमासी, फेसदरबाराची स्थापना जाहली, ती कैसी जाहली, पुढे दरबारातील बोलणे कैसे पालटत गेले, आणि अखेरीस मैनाबाईंवर काय प्रसंग गुदरला व त्यातून त्या कैशा सुटल्या, ते येणेप्रमाणे.

त्या राज्यास भूमी नव्हती, कोट नव्हता, नावही कोणी पक्के ठेविले नव्हते. बियरचे शौकीन आणि घरीच बियर आंबवणारे ऐसे ठायी ठायीचे लोक टेलिफोनची तार संगणकयंत्रास जोडीत, यंत्र घटकाभर किंचाळे, मग दार उघडे आणि आत एक फळा असे. त्या फळ्यावर ज्यास जे पुसावयाचे ते तो लिही आणि दुसरा चार दिवसांनी, कधी आठ दिवसांनी, सावकाश उत्तर करी. सारे मिळोन एकसष्ट असामी. त्यांत विसाजीपंत म्हणोन एक गृहस्थ होते, पाणीपुरवठ्याच्या खात्यात पाणी तपासण्याच्या कामी, बोलणे मोजके आणि लिहिणे लांब. त्यांस दरबारात कोणी नेमिले नव्हते, परंतु कोणाची बियर बिघडली की सारे त्यांच्या उत्तराची वाट पाहत. ते आधी तीन प्रश्न करीत, किती दिवस आंबवले, हवा किती गरम होती, गूळ कधी घातला, आणि तिहींचे उत्तर आल्याविना शब्द देत नसत. आणि दरबारचा एक शिरस्ता होता की ज्याने प्रश्न घातला त्याने पुढे काय जाहले ते येऊन लिहावे, बरे जाहले तरी लिहावे आणि वाईट जाहले तरी लिहावे. कोणी चुकला तर पंत महिन्याने त्याचे नाव घेऊन पुसत, "रावसाहेब, तुमच्या पिंपाचे काय जाहले? आम्ही काळजीत आहो." मग तो लाजोन लिही. भांडणेही मातबर होत. पेल्यावर फेस दोन बोटे असावा की तीन, या मुद्द्यावर सात महिने युद्ध चालले, दोन्ही पक्षांनी पट्ट्या लावोन फोटो पाठविले, आणि शेवटी अडीच बोटांवर तह जाहला. परंतु भांडणारेही एकमेकांचे लिहिणे अक्षर न अक्षर वाचीत, कारण वाचल्याविना भांडता येत नसे.

मग काळ पालटला आणि ताऱ्यांचे राज्य आले. प्रत्येकाच्या हाती मोबाइल आला आणि मोबाइलात एक वही आली, त्या वहीत बियर प्यावी आणि एक ते पाच तारे द्यावे, इतकेच काम. मग लोक कटोरीभर पीत, तारे देत आणि पुढच्या बियरवर कूच करीत. एका सरदाराने ऐशा चार हजार बियर जिंकिल्या, आणि कोणी पुसले की त्यांतली आवडली कोणती, तर तो वही चाळीत बसला. फळ्यावर शेवाळ आले. एकसष्टांपैकी नऊ उरले, मग पंत आणि आणखी एक ऐसे दोघे उरले, त्या दुसऱ्याने फळा पुसोन टाकिला नाही, तो वाचावयास तरी उघडा ठेविला, हे त्याचे थोर उपकार पुढे कळतील.

त्यानंतर तिसरे राज्य, ग्रुपचे. राणोजीराव म्हणोन एक उमदे गृहस्थ, मोटारींच्या काचा बसविण्याचा कारखाना, मन मोठे आणि राग नाकावर, यांनी मोबाइलात बियरचा ग्रुप काढिला आणि आपण ॲडमिन जाहले. पाहता पाहता तीनशे बारा असामी दाखल. सकाळी शुभेच्छा, दुपारी पेल्यांचे फोटो, सायंकाळी तीस सेकंदांचे व्हिडिओ, आणि जो जे टाकी त्यास बाकीचे लाल बदामाचे चित्र पाठवीत. वाईट कोणी बोलत नसे, खरे म्हणावे तर फारसे कोणी बोलतच नसे. पंतही कोणाच्या आग्रहाने तेथे आले आणि जुन्या सवयीप्रमाणे लांब लिहू लागले. लोक म्हणत, "काका, थोडक्यात सांगा ना." पंत म्हणत, "थोडक्यातच लिहिले आहे, मूळ याहून मोठे होते."

ऐसे चालले असता एके दिवशी राणोजीरावांनी आपल्या सोनेरी पेल्याचा फोटो टाकिला. त्यास दोनशे चौदा बदाम आले. आणि त्याखाली पंतांनी लिहिले, "रंग उत्तम साधला. परंतु फेस कोठे गेला? पेल्यास साबण राहिला असावा." राव म्हणाले, "काका, हा सेलिब्रेशनचा फोटो आहे, प्रयोगशाळा नाही." त्यावर पंतांनी पेला धुण्याची कृती सतरा ओळींत लिहोन दिली, मनात काही नव्हते, कळवळ्याने दिली. परंतु रावांस वाटले की भर दरबारात आपला पेला घाणेरडा ठरविला. मग त्यांनी एका बोटाने पंतांस ग्रुपाबाहेर काढिले. तीनशे अकरा जणांनी पाहिले, दोघांनी हात जोडल्याचे चित्र टाकिले, आणि मग कोणी आंब्याच्या बियरचा व्हिडिओ टाकिला आणि सारे तिकडे गेले.

शके १९४६ क्रोधी नाम संवत्सरे, वैशाखमासी, उन्हाळ्याचा कहर. मैनाबाई म्हणोन शाळेत भूगोल शिकविणाऱ्या बाई, सुटी लागली म्हणोन त्यांनी प्रथमच घरी बियर आंबविली. आत वायू धरावा म्हणोन त्यांनी पिंपातच गूळ मिसळिला होता, तितका पुरेसा होता. परंतु बाटल्या भरतेसमयी ग्रुपवरचा व्हिडिओ पाहिला, त्यात एक जण हसत म्हणाला की बाटलीमागे चमचाभर गूळ घाला आणि बूच मारा. पिंपात आधी घातला असेल तर घालू नका, हे त्याने सांगितले नाही, कारण तीस सेकंद संपले होते. बाईंनी दुसऱ्यांदा गूळ घातला, चोवीस बाटल्यांस बुचे ठोकिली आणि ओट्याखालच्या लाकडी कपाटात ठेवोन दार लाविले. आठव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास कपाटात तोफ उडाल्यासारखा आवाज जाहला. एक बाटली फुटली, काचेचा तुकडा दाराच्या फळीतून आरपार निघोन समोरच्या डाळीच्या डब्यात रुतला. सासूबाई क्षणापूर्वी तेथेच वाकोन कांदे घेत होत्या.

सासूबाई म्हणाल्या, "मैना, हे काय फुटले?"

बाई म्हणाल्या, "आई, आधी बाहेर या. आत जाऊ नका."

"माझ्या स्वयंपाकघरात मी जाऊ नको? आणि जेवण?"

"जेवण मागवू. आत अजून तेवीस आहेत."

"तेवीस काय?"

"बाटल्या."

सासूबाईंनी पदर खोवला आणि म्हणाल्या, "मला वाटले होते तू लोणचे घातलेस. म्हणून मी रोज त्या कपाटाला हात जोडत होते, चांगले मुरू दे म्हणून." मग त्या बाहेर येऊन बसल्या आणि बाईंनी ग्रुपवर फुटक्या काचेचा फोटो टाकोन लिहिले, "बाटली फुटली. तेवीस बंद कपाटात आहेत. गूळ दोनदा घातला गेला. दार उघडू का? काय करू?" तेव्हां एक्केचाळीस बदाम आले. एक म्हणाला, "ताई, लेबल झकास!" दुसरा म्हणाला, "पार्टी कधी?" तिसरा म्हणाला, "नीट हलवा, गॅस निघून जाईल," आणि त्याने तसे केले असते तर त्याचा हात राहिला नसता, परंतु तो आपल्या घरी खुर्चीत होता. मग गूळ चांगला की साखर चांगली यावर दोघांचे जुंपले, पाव घटकेत नव्वद निरोप आले आणि बाईंचा प्रश्न वरवर सरकत दिसेनासा जाहला. इतक्यात कपाटात दुसरी फुटली. बाकी बावीस.

मग बाईंनी ग्रुप बाजूस ठेवोन मोबाइलात जुन्या गोष्टी धुंडाळिल्या आणि तो जुना फळा हाती लागला. तेथे शके १९२५ सालचे कोणा शिदोजीचे पत्र, अक्षरशः हाच प्रश्न, खाली विसाजीपंतांचे तीन प्रश्न, त्याखाली उत्तर, आणि त्याखाली शिदोजीने चार दिवसांनी येऊन लिहिलेले की सांगितले तैसे केले आणि सुटलो. बाईंचा जीव अर्धा खाली आला. परंतु शिदोजीच्या बाटल्या उघड्या अंगणात होत्या आणि बाईंच्या बंद कपाटात, दार उघडावयाचे कैसे याचा उलगडा त्यात नव्हता. पंत पूर्वी ग्रुपवर होते हे बाईंस आठवले, म्हणोन त्यांनी राणोजीरावांस फोन लाविला.

"राणोजीराव, विसाजीपंतांचा नंबर द्या."

राव म्हणाले, "मी त्यांना काढलंय हो."

"मग आत घ्या."

बाई म्हणाल्या, "राव, माझी चूक मी तीनशे लोकांत लिहिली, गूळ दोनदा घातला म्हणून. तुमची तुम्ही बघा. पण आधी त्यांना आत घ्या, माझ्या सासूबाई हातभर अंतरावर होत्या."

तेव्हां राव वरमले आणि तत्काळ पंतांस आत घेतले. पंत आले ते मानापमानाचा एक शब्द न काढिता आले. लिहिले, "नमस्कार. कोणीही बाटलीस हात लावू नये. किती दिवस? हवा किती गरम? गूळ कधी?" बाईंनी तिहींचे उत्तर केले. एकाने सवयीने लिहिले, "काका, थोडक्यात," तो राणोजीराव गरजले, "गप्प बसा रे! पंतांना लिहू द्या. लांबच लिहू द्या." मग पंतांनी लिहिले की बाई, दारासमोर उभे राहू नका, बाजूस राहा, डोके व चेहरा झाका, हाती जाड चामडी मोजे घाला, लांब काठीने दार ओढा, आणि दार उघडताच ओली गोधडी बाटल्यांवर टाका. बर्फ गोधडीवरून रचा, काचेस लावू नका. गार जाहल्यावर आतला वायू निवतो. तीन तास कोणी आत जाऊ नये. हेल्मेट आहे काय? बाई म्हणाल्या, नाही, मी बसने जाते. तेव्हां राव म्हणाले, "मी आणतो. बर्फही आणतो, आणि कारखान्यातले मोजेही." आणि ज्या रावांनी आजवर ग्रुपवर फोटोखेरीज काही पाठविले नव्हते, ते मोटारसायकलीवर बर्फाच्या दोन लाद्या गोणपाटात बांधोन भर उन्हात निघाले आणि अर्ध्या तासात दारी दाखल जाहले.

सासूबाईंनी पुसले, "हे कोण?"

बाई म्हणाल्या, "आमच्या ग्रुपचे ॲडमिन."

"काय काम करतात?"

राव ओशाळोन म्हणाले, "माणसे बाहेर काढतो, आई."

सासूबाई म्हणाल्या, "मग मला का नाही आधी काढलेत? सकाळीच काढायला हवे होते."

बाईंनी हेल्मेटाची काच पाडिली, मोजे चढविले, झाडूची काठी घेतली आणि भिंतीस पाठ लावोन दार ओढिले. दार उघडले, काही फुटले नाही, गोधडी पडली, बर्फ रचिला, आणि सारे बाहेर येऊन बसले. ते तीन तास ग्रुपवर कोणी पेल्याचा फोटो टाकिला नाही. कोणी सांगितले नव्हते. अधूनमधून एखादा लिही, "काही कळले?" आणि राव लिहीत, "शांत आहे."

मग पंतांच्या हुकमाने एकेक बाटली टॉवेलात धरोन बाई बूच किंचित उचलीत, फुस्स आवाज होई, तो पुरता थांबला की बाटली बाजूस ठेवीत, आणि राव दाराबाहेरून लिहीत, "एक. दोन. तीन." अकरावीचे बूच हातून निसटोन छतास लागले, परंतु काच शाबूत राहिली. पंधरावीस आवाजच होईना. बाईंनी तेथूनच ओरडोन सांगितले, रावांनी लिहिले, आणि तीनशे बारा असामी श्वास धरोन पंतांच्या उत्तराकडे पाहू लागल्या. पंतांनी लिहिले, "उघडू नये. तडा गेला असावा. गोधडीत गुंडाळोन बादलीत ठेवावी, पुढची घ्यावी." पाहिले तो खरेच बुडाशी केसाएवढा तडा, त्यातून वायू आधीच निघोन गेला होता. ती बादलीत गेली. मग सोळा, सतरा, ऐसे करीत दिवस कलावयाच्या आत रावांनी लिहिले, "बावीस."

लगोलग एकाने पुसले, "चव कशी आहे?" पंतांनी त्यास अडविले आणि लिहिले, "चव मागाहून. आधी बाईंनी मोजे काढावे आणि हात दाखवावे." बाईंनी मोजे काढिले. हात बर्फाने लाल जाहले होते, परंतु दहाही बोटे जेथल्या तेथे. रावांनी त्या हातांचा फोटो टाकिला. मग सर्वांआधी पंतांनीच एक बदाम पाठविला. त्यांना तो कैसा पाठवितात हे ठाऊक नसावे ऐसे सर्वांस वाटत होते.

सारांश. फुटल्या बाटल्या दोन, तडा एकीस, डाळीचा एक डबा आणि कपाटाची एक फळी कामास आली. माणूस कोणी दुखावले नाही. बियर फिकी निघाली, तरी रावांनी दोन पेले मागोन घेतले. दुसरे दिवशी ग्रुपवर पुन्हा शुभेच्छा, फोटो आणि बदाम सुरू जाहले, आणि पूर्वीचे सावकाश बोलणे काही परत आले नाही, येणारही नाही. परंतु त्या दुपारी तीनशे बारांपैकी एकही असामी उठोन गेली नाही, हे पाहिले आहे म्हणोन लिहिले. सासूबाई त्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात गेल्या, त्यांनी कपाटाचे दार सताड उघडे ठेविले आणि कांदे चिरावयास बसल्या.