परदेशीपणाचं नूतनीकरण

आमच्या हंगयांग शहरात परदेशी माणसाने तोंडातून 'नी हाओ' एवढं काढलं, की समोरच्याने 'तुमचं चिनी किती छान आहे' असं म्हणायचं असतं. हा नियम कुठेही लिहून ठेवलेला नाही. त्यामुळे तो सगळे पाळतात. गेल्या वसंतात तो आमच्या हेमिश सरांच्या बाबतीत मोडला गेला आणि त्यांच्या नोकरीवर गदा आली.

घडलं ते इतकंच. लुओबाई आपल्या मुलीला न्यायला आमच्या इंग्रजी शिकवणी केंद्रात आल्या. दारात उभे असलेले हेमिश सर अस्सल हंगयांगी हेल काढून म्हणाले, "अहो, हिला आतून एक बंडी घालत जा. आणि गरम पाणी द्या प्यायला, घसा बसलाय पोरीचा." लुओबाई "बरं, देते" म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. खाली स्कूटरला किल्ली लावताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण सरांच्या चिनीची स्तुती केलीच नाही. का केली नाही, याचा विचार करत त्या पुन्हा वर आल्या आणि थेट संचालक पंग यांच्या खोलीत शिरल्या.

"माझी सासू हेच सांगते, याच शब्दांत," त्या म्हणाल्या. "ती फुकट सांगते. मी फी परदेशी माणसाची भरते."

संचालकांनी मला बोलावलं. आमच्या केंद्रात परदेशी शिक्षक देखभाल कक्ष आहे. त्यात एक टेबल, एक कपाट आणि मी आहे. परदेशी शिक्षकाचे परवाने, पोलिसांतली नोंद, सर्दी-पडसं आणि रुसवेफुगवे हे विषय माझ्या अखत्यारीत येतात.

"ख्वांग, हा माणूस परदेशी उरलाय का?" संचालकांनी विचारलं.

"पासपोर्ट न्यूझीलंडचा आहे, साहेब."

"पासपोर्ट काय कपाळावर चिकटवून फिरणार आहे? पालकांना दिसतं काय ते बघ. गरम पाण्याचा थर्मास घेऊन हिंडतो. दुपारी टेबलावर डोकं टाकून झोपतो. काल जिन्यात भेटला तर मला विचारतो, 'जेवलात का?' जूनमध्ये त्याचा करार संपतोय. त्याआधी पालक समितीपुढे परदेशीपणा सिद्ध झाला पाहिजे. नाहीतर माझी सही विसरा."

सही नाही म्हणजे करार नाही, आणि करार नाही म्हणजे कामाचा परवाना नाही. हेमिश सरांची बायको शुएयिंग इथलीच. केंद्राच्या समोर ती आणि तिची आई तांदळाच्या शेवयांचं दुकान चालवतात. बायकोचा नवरा म्हणून सरांना शहरात राहता आलं असतं, पण त्या दुकानात वाडगे विसळायलाही कायद्याने बंदी झाली असती. घर चालवायचं तर न्यूझीलंडला एकट्याने परत जावं लागणार होतं. त्यांची मुलगी निंगनिंग तेव्हा पाच वर्षांची होती आणि बापाच्या खांद्यावरून खाली उतरायला तयार नसायची. मला तो माणूस आवडायचा, त्यामुळे मी मनापासून कामाला लागले.

परदेशीपणा पुनर्स्थापनेचा आराखडा मीच केला. मी कधी परदेशी गेलेले नाही, म्हणून माझं ज्ञान स्वच्छ होतं. सरांनी बर्फाचं पाणी प्यायचं, काड्यांनी खाताना घास पाडायचा, लहानसहान गोष्टींवर दोन्ही हात पसरून 'वाव' म्हणायचं आणि आपलं आडनाव विचारलं तरी चिनी समजत नाही असं दाखवायचं.

"ख्वांगताई, आमच्या गावात असं कुणी करत नाही हो," सर कुरकुरले. "माझा बाप आयुष्यात एकदाही वाव म्हणालेला नाही."

"तुमच्या वडिलांना इथे नोकरी मिळाली नसती," मी म्हटलं.

बर्फाच्या पाण्याने त्यांचं पोट बिघडलं. दवाखान्यात ते हातवारे करून दुखणं सांगत होते, कारण डॉक्टरांचा मुलगा आमच्याकडे शिकतो. डॉक्टरांनी अपेंडिक्सची तपासणी करवली. पुढची अडचण दुकानाची निघाली. केंद्रातले निम्मे पालक तिथे शेवया खातात, त्यामुळे सरांना सासूशीही चिनीत बोलण्याची मनाई करावी लागली. मी दुकानात सरांसाठी खायचा काटा नेऊन दिला तेव्हा म्हातारी माझ्यावरच उखडली.

"जावई मुका झालाय, ते एक सोसलं. आता त्याला काड्याही धरता येत नाहीत म्हणून सांगू गल्लीत? मी शिकवलंय त्याला. वाटाणा उचलतो तो, एकेक."

"आई, महिनाभराचा तर प्रश्न आहे," शुएयिंग म्हणाली.

"आणि पोरीशी कुठल्या भाषेत बोलणार?"

पोरीला फक्त हंगयांगी येत होती. तिच्याशी बोलायचं तर दुकान बंद झाल्यावर शटर ओढून, दबक्या आवाजात. निंगनिंगने आजीला विचारलं, बाबांनी काही चोरलंय का.

परदेशीपणाच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी पालक समिती पहिल्या रांगेत बसली. अध्यक्षा लुओबाई. सर उत्तम करत होते. त्यांनी पुढ्यात ठेवलेल्या मोमोचं सारण शर्टावर सांडलं, पालकांकडे बघून हात पसरले, 'वाव' म्हणाले. बायका हसून त्यांच्यासमोरच त्यांचं नाक, वजन आणि टक्कल यांवर चर्चा करू लागल्या. सर प्रसन्न, अडाणी चेहऱ्याने ऐकत राहिले. संचालकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

तेवढ्यात लुओबाईंच्या मुलीने कोपऱ्यातल्या उकळत्या पाण्याच्या यंत्राशी जाऊन नळाला हात घातला.

"ए बये, हात काढ आधी! भाजशील!" सर ओरडले आणि दोन बाकं ओलांडून त्यांनी तिला उचललं. पाणी त्यांच्या मनगटावर पडलं. पोरीला चटकासुद्धा बसला नाही.

लुओबाईंनी मुलीला पोटाशी धरलं आणि त्या रडल्या. सरांचा दुसरा हात हातात घेऊन त्यांनी पुन्हा पुन्हा आभार मानले. मग डोळे पुसून अध्यक्षांच्या जागी बसल्या आणि म्हणाल्या, "माणूस सोन्यासारखा आहे, यात वादच नाही. पण अगदी आपल्यासारखा ओरडला."

करार न वाढवण्याचा ठराव एकमताने झाला. सरांच्या मनगटाच्या मलमाचा खर्च केंद्राने उचलावा, हाही एकमताने झाला. मला त्या खोलीत बसवेना. स्टेशनवर निंगनिंगला बापाच्या मानेपासून सोडवताना शुएयिंगला आणि म्हातारीला दोघींना जोर लावावा लागला, ते मला अजून सहन होत नाही.

न्यूझीलंडमध्ये सरांनी चिनी शिकवण्यासाठी एका शिकवणी केंद्रात अर्ज केला. त्यांचं चिनी ऐकून तिथले लोक थक्क झाले. मग सौजन्याने म्हणाले, की पालकांना खरा चिनी माणूस हवा असतो. सरांना त्यांनी चिनी शिक्षक देखभाल कक्षात ठेवलं. सरांनी माझं नाव सुचवलं, आणि आता मी इथूनच संगणकावरून तिथल्या मुलांना शिकवते.

पहिल्या तासानंतर सरांचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"ताई, शिकवलंत छान. पण पालकांचं म्हणणं पडलं, की तुमचं इंग्रजी फारच स्वच्छ आहे. जरा अडखळता येईल का? आणि रेशमी झगा, हातात पंखा."

"सर, माझ्या घरात एसी आहे. झगा मी लग्नातही घातला नव्हता."

"मला माहीत नाही का? पण मी तरी काय करू? इथे टिकलो, तर पुढच्या वर्षी पोरीला आणता येईल."

मी झगा शिवून घेतला. आता मी अडखळते. पालक खूश आहेत.

तुम्हीही आतापर्यंत जरा अस्वस्थ झाला असाल. चीनची हकीकत म्हणून वाचायला बसलात आणि यात एक ड्रॅगन नाही, लाल कंदील नाही, कुणी वाकून नमस्कार केला नाही. बाई बोलते ती तुमच्या शेजारणीसारखी. ही नक्की चिनी आहे ना, अशी शंका मनात आली असेल, तर संकोच करू नका, तक्रार नोंदवा. पालक समितीत तुमच्यासाठी एक जागा रिकामी आहे.