विचाराधीन भूक

दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत दिघे काकांबरोबर लिफ्टमध्ये शिरणं म्हणजे सुनावणीला बसणं. दार बंद झालं की काका विचारणार, "तुमचं मत काय?" विषय कुठलाही असो: गच्चीवरची टाकी, गणपतीचा मांडव, नाहीतर त्यांचा स्वतःचा चष्मा. सगळी हयात केंद्र सरकारच्या नोकरीत गेली, त्यामुळे एकट्याने निर्णय घेणं त्यांना बेशिस्तपणाचं वाटतं. सगळ्यांचं ऐकून झालं की मान हलवून म्हणतात, "बिल्कुल. विचाराधीन आहे." सोफा बदलायचा विषय असाच विचाराधीन असताना सोफ्याचा पायच मोडला.

यंदा विषय होता वजन कमी करायच्या इंजेक्शनचा. काका मूळचे उंच, पण अलीकडे आडवेही तेवढेच वाढले. साखर चढली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी हे सुचवलं. आठवड्यातून एकदा टोचून घ्यायचं, म्हणजे भूक कमी होते. काकांनी लिफ्टमधल्या सगळ्यांना तर विचारलंच, गेटवरच्या गार्डलाही सोडलं नाही.

"हां भाई, आपका क्या मत है?"

"साहब, भूख न लगने की दवाई?" गार्ड बिचारा गोंधळला. "पहली बार सुना."

शेवटी मलाच वैताग आला. "काका, मत डॉक्टरांचं घ्या ना, यार! मी येते बरोबर." एका दुपारी त्यांना जेवणं झाल्या झाल्या गाडीत घातलं.

डॉक्टरीणबाई शांतपणे समजावत होत्या. आधी तपासण्या करायच्या, मग अगदी कमी डोसने सुरुवात. मळमळ होऊ शकते. वजनाबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून व्यायाम हवा. बंद केलं तर वजन परत येऊ शकतं. काकांचं यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. ते पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "मॅडम, कोई थाली परोस दे, तो खा पाऊँगा न?"

मला हसू आवरेना. या वयात काय हे जिभेचे चोचले!

परतल्यावर त्यांच्याबरोबर वर गेले. निर्मलाकाकींना हल्ली विसरायला होतं हे मला माहीत होतं, पण दार उघडून त्यांनी मलाच विचारलं, "तू कोणाची गं?" मी नाव सांगितलं. त्या गोड हसल्या आणि काकांकडे वळल्या. "अहो, भूक लागली का?"

स्वयंपाकाच्या बाईंनी करून ठेवलेल्या पोळ्या आणि भाजी काकींनी ताटात वाढली. काका निमूट जेवले. काकी ताट आत ठेवून आल्या, जराशा टेकल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "अहो, भूक लागली का?" पुन्हा ताट आलं. काका पुन्हा जेवायला बसले.

काकी आत गेल्याबरोबर मी हळूच म्हटलं, "काका, नको म्हणा की."

"म्हणून पाहिलं. नको म्हटलं की घाबरते. आपलं काय चुकलं म्हणून रडत बसते." काका पोळीचा तुकडा मोडत होते. "माझं नाव कधी आठवतं, कधी नाही. मला भूक लागते, एवढं मात्र अजून विसरलेली नाही. ती भूकच औषधाने गेली तर?"

"मग नका घेऊ इंजेक्शन."

"परवा ती बाथरूममध्ये पडली. माझे गुडघे वाकेनात. गार्ड वर येईपर्यंत मी नुसता उभा होतो गं. नुसता उभा."

मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि काकांचा खरा प्रश्न काय तो सांगितला. त्या मग म्हणाल्या, "थाली हटा दीजिए, छोटी प्लेट रखिए. दो-चार कौर खा लेंगे."

काकींची मोठी ताटं दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आली. तपासण्या झाल्या आणि इंजेक्शन सुरू झालं. या वेळी काकांनी लिफ्टमध्ये कोणालाच काही विचारलं नाही.

मध्यंतरी एका संध्याकाळी सहज डोकावले. काकांचा शर्ट ढगळ झाला होता. काकींची चप्पल पलंगाखाली गेली, ती त्यांनी स्वतः वाकून काढली. पण चेहरा उतरलेला, समोरचा चहासुद्धा तसाच. इंजेक्शन आदल्याच दिवशी झालं होतं, अन्नाचा वासही नको वाटत होता म्हणे.

तेवढ्यात काकी बशी घेऊन आल्या. बशीत अर्धी पोळी आणि तूप-साखर होती.

"अहो, भूक लागली का?"

काकांनी क्षणाचाही विचार केला नाही.

"खूप लागलीय गं," ते म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.