दहाव्या डावाचे शुद्धिपत्र

श्री. ज्या देवतेने चुकणारा हात दिला आणि ती चूक पाहणारा डोळाही त्याच देहात ठेविला, त्या देवतेस वंदन करून, दोरखंडाच्या राज्यातील पंच विश्रामराव गावडे यांची हकीकत त्यांचे कन्येने लिहिली, ती येणेप्रमाणे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य सप्तमी, रविवार, हा शेवटला साधा दिवस. ते दिवशी विश्रामराव, वय वर्षे शहात्तर, स्नान करून, चष्मा धोतराचे सोग्याने पुसून, टीव्हीपुढे खुर्ची ओढून बसते जाहले आणि लिहिणारीस हाक मारून बोलाविले. मग जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी दोघांनी एकेक घेतली, कारण त्या घराचा शिरस्ता ऐसा की मुष्टियुद्ध पाहणे ते आवाज बंद करून पाहणे आणि प्रत्येक डाव संपताच आपापला निकाल लिहिणे. डाव जिंकील त्यास दहा गुण, हरेल त्यास नऊ. पंचाने ठोसा डोळ्यांनी मोजावा, लोकांच्या आरोळीने मोजू नये, हे विश्रामरावांचे म्हणणे. त्या दिवशी सातव्या डावावरून बापलेकीत तंटा जाहला.

"सातवा कुणाला दिलास?"

"लालला."

"लालला? सगळा वेळ मागे मागे पळत होता तो."

"पळत होता, पण मारत होता. तुमच्या निळ्याचे ठोसे सगळे हातमोज्यांवर बसले, बाबा."

"चष्मा तपासून घे."

"तुमचा तपासा. माझा नवा आहे."

तेव्हा विश्रामराव हसिले आणि म्हणाले, "चव्वेचाळीस वर्षांची झालीस. एकदा तरी म्हण, बाबा, चुकले. कान किटले नाहीत माझे अजून त्या शब्दाने."

"चुकले तर म्हणेन ना!"

"बरं. उद्या परत लावू तो डाव. आता आमटी गरम कर."

ऐसे बोलून जेवले, निजले. सोमवारी सकाळी सदऱ्याची गुंडी लावता लावता खुर्चीत बसिले, ते उठिले नाहीत. सातवा डाव तैसाच राहिला.

आता त्या राज्याची रीत सांगणे प्राप्त. चार खांब, भोवती दोर, आत दोन वीर, एक लाल कोपऱ्याचा आणि एक निळ्या कोपऱ्याचा. तीन बाजूंस तीन पंच बसत आणि डाव संपला की चिठी लिहून रेफरीचे हाती देत. चिठी एकदा हातातून सुटली की परत मागणे नाही. आणि त्या राज्यात निकाल कैसे लागत म्हणाल, तर एक वीर तीन वेळा भुईवर लोळला आणि तोच विजयी जाहला, कारण तो लोळे त्या त्या वेळी पंच शिंकत होते. एका पंचांनी चौथा डाव डोळे मिटून पाहिला आणि ज्या बाजूस शिट्या फार त्या बाजूस गुण दिले. आणि एका पंचांचा निकाल लढतीचे आदले दिवशीच लिहून तयार होता, अक्षर मात्र फार वळणदार. इतके होऊन पंच नेमणाऱ्या मंडळाचे दप्तरात चूक म्हणून एकही नोंद नव्हती. विश्रामराव त्या राज्यात सुट्टीचे दिवशी पंच आणि एरवी एका छापखान्यात मुद्रितशोधक, म्हणजे छापण्याआधी दुसऱ्यांच्या चुका शोधून समासात खूण करणे हा पोटाचा धंदा. छापून झाल्यावर चूक सापडली तर छापखान्यात शुद्धिपत्र काढीत, अमुक पानावर अमुक आहे तेथे तमुक वाचावे, आणि तो चिटोरा पुस्तकात घालून देत. त्यात कोणाची मान खाली जात नसे. या दोन राज्यांच्या दोन रीती, आणि विश्रामराव दोहोंचे रहिवासी, येथून पुढील सर्व प्रकरण उपजले.

शके एकोणीसशे वीस, बहुधान्यनाम संवत्सरे, माघ मासी, तिसरे प्रहरी मोठी लढत नेमिली. लाल कोपऱ्यात पट्टाधारी वीर, आयोजकांचे लाडके, अंगात निळी रेशमी चड्डी. निळ्या कोपऱ्यात दस्तगीर मुजावर, वय चोवीस, लाकडाचे वखारीत ओंडके उचलून दंड कमावलेला, अंगात आईने शिवलेली लाल चड्डी. लाल कोपऱ्यास निळी आणि निळ्या कोपऱ्यास लाल, हे सर्वांनी पाहिले आणि कोणीही बोलिले नाही, कारण चड्डीचा रंग हा विषय मंडळाचे कक्षेत येत नसे. मग दहा डाव जाहले. नऊ डावांपर्यंत विश्रामरावांचे हिशेबी दस्तगीर एका गुणाने पुढे. दहाव्या डावात तर दस्तगीराने ऐसे काम केले की पायांत वारा भरला आणि डावा हात विळ्यासारखा फिरला आणि पट्टाधारी दोरांस धरून उभा राहिला. विश्रामरावांनी चिठी लिहिली आणि दिली. मग निकाल वाचिला. पहिल्या पंचांनी, जे दुपारी आयोजकांचे पंगतीस जेवून दोरांशेजारी पेंगत होते, पट्टाधाऱ्यास जिंकविले; दुसऱ्यांनी दस्तगीरास; आणि तिसरे विश्रामराव, त्यांचे गुण पंचाण्णव आणि पंचाण्णव, समसमान. सबब लढत बरोबरीत, आणि बरोबरीत पट्टा जुन्या मालकाकडेच राहणार हा त्या राज्याचा कायदा. तेव्हा लोक खवळले, चपला आल्या, बाटल्या आल्या, "विकला गेला, गावड्या विकला गेला" ऐसी आरोळी उठली. लिहिणारी तेव्हा अठरा वर्षांची, प्रेक्षकांत लग्नपत्रिकेच्या पाठीवर आपला निकाल लिहीत बसली होती, तिने ती आरोळी ऐकिली, आणि बापाचे डोकीवर शाल धरून दोघे घरी आली.

दुसरे दिवशी सकाळी चहा पुढे होता. विश्रामराव आपल्या चिठ्यांची कार्बन नक्कल ठेवीत, ती त्यांनी मांडिली. लिहिणारीने आपले लग्नपत्रिकेचे कार्ड शेजारी मांडिले. आणि दोघे डावामागून डाव ताडून पाहू लागली. नऊ डाव जुळले.

"बाबा, तुमचा दहावा लालला कसा?"

"त्याचाच होता तो डाव. लाल चड्डी."

"चड्डी लाल, बाबा. कोपरा निळा."

विश्रामरावांनी कप बशीत ठेविला. मग म्हणाले, "इतका सुरेख डाव होता ग. मला कोपरा दिसलाच नाही. पोरच दिसला." आणि उठून सदरा शोधू लागले. तेव्हा लिहिणारी भ्याली. ती म्हणाली, "कुठे निघालात? कुणाला कळणार आहे? एवढे निकाल लागतात, कोण विचारतं? काल विकला म्हणाले, आता आंधळा म्हणतील. मी कॉलेजात तोंड कुठे दाखवू? बाबा, गप्प बसा." ऐसे बोलून तिने आपले कार्ड उचलिले आणि चार तुकडे करून टाकिले. विश्रामराव रागावले नाहीत. खाली वाकून चारही तुकडे गोळा केले, डिंकाची बाटली आणिली, कोऱ्या कागदावर तुकडे जुळवून चिकटविले, फुंकर घालून वाळविले, आणि म्हणाले, "आमच्याकडे शुद्धिपत्र काढतात. कुणी मरत नाही त्याने. चल, तूही चल."

मग मंडळाची कचेरी. अध्यक्षमहाराज आणि तीन सभासद बिस्किटे खात बसले होते. लिहिणारी दाराशी उभी राहिली.

"या गावडे, बसा," अध्यक्षमहाराज बोलिले. "किती दिले त्यांनी?"

"कुणी काही दिलं नाही."

"मग आलात कशाला?"

"चुकलो म्हणून. दहावा डाव निळ्या कोपऱ्याचा होता, मी लालला लिहिला. मुजावर जिंकलाय. तसं जाहीर करा."

तेव्हा सभासदांनी एकमेकांकडे पाहिले. एक म्हणाले, "गावडे, पैसे खाल्ले म्हणा, चौकशी समिती नेमतो. त्याला कलम आहे. चुकलो याला आमच्याकडे कलम नाही."

"मग एक नवीन करा."

"आणि उद्या लोक विचारतील, बाकीचे पंच काय झोपले होते?"

"विचारू देत. एक झोपलेच होते."

याजवर एक सभासद हसिले आणि अध्यक्षांनी पाहताच खोकले. मग पुरावा मागितला. विश्रामरावांनी चिकटविलेले कार्ड पुढे ठेविले आणि म्हणाले, "माझ्या मुलीने लिहिलंय. तिचा निकाल बरोबर, माझा चूक."

"फाडलं कुणी हे?"

विश्रामरावांनी दाराशी उभ्या लिहिणारीकडे पाहिले नाही, समोरील दिनदर्शिकेकडे पाहिले आणि म्हणाले, "माझ्याच हातून फाटलं. घाईत."

बावीस वर्षांचे पंचगिरीत विश्रामरावांनी जाणूनबुजून दिलेला पक्षपाती निकाल तो हा एकच, आणि तो कन्येचे बाजूने.

मंडळाने निकाल फिरविला नाही. विश्रामरावांचे नाव मात्र पंचांचे यादीतून काढिले, कारण दृष्टिदोष ऐसे लिहिले. झोपणारे पंच यादीत राहिले, त्यांची दृष्टी निर्दोष होती. मग विश्रामरावांनी छापखान्यातील आपल्या मित्राकडून बारीक टायपात चार ओळी जुळवून घेतल्या आणि एसटीने दस्तगीराचे गावी जाऊन त्याचे हाती दिल्या. मजकूर ऐसा: "शुद्धिपत्र. डाव दहावा. लाल आहे तेथे निळा वाचावे. विजयी दस्तगीर मुजावर. चूक पंचाची. वि. बा. गावडे." आणि घरी येऊन पूर्ववत रविवारी खुर्ची ओढून, आवाज बंद करून, लग्नपत्रिका हाती घेऊन बसू लागले. पंचवीस वर्षांवर काळ लोटला, हजारो डाव जाहले, शेकडो तंटे जाहले, परंतु त्या फाडलेल्या कार्डाचे नाव त्यांनी कधी काढिले नाही. लिहिणारीनेही काढिले नाही. त्यांनी न काढण्यात माया होती आणि तिने न काढण्यात लाज होती, आणि दोन्ही एका घरात सुखाने नांदली.

तेराव्या दिवशी, पंगत उठल्यावर, दारात एक गृहस्थ आले, दाढी पांढरी, खांदे अजून वखारीचे, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळिलेली चौकट. म्हणाले, "ताई, मी दस्तगीर. काकांना भेटायचं होतं, उशीर झाला." बसिले, पाणी प्याले, चौकट सोडविली. आत ते शुद्धिपत्र, कडा पिवळ्या.

"पट्ट्यासाठी परत बोलावलंच नाही कुणी मला," ते म्हणाले. "सगळे सांगायचे, दस्तगीर, पुढच्या वेळी निळी चड्डी घाल. पुढची वेळ आलीच नाही, चड्डी मात्र अम्मीने शिवून ठेवली होती." आणि हसिले. मग म्हणाले, "पण ताई, तुम्हाला खरं सांगू? लढत झाली ना, तेव्हा पहिले चार दिवस मला वाटत होतं, मीच कुठे कमी पडलो. रात्रंदिवस तेच. मग काका आले. पाणीसुद्धा नको म्हणाले, आधी कागद दिला. त्या दिवशी झोप लागली मला. आता पोरांना शिकवतो. पोरं विचारतात, सर, तुमचा पट्टा कुठंय? मी म्हणतो, पट्टे लई जणांकडे असतात रे. पंचाने चुकलो म्हणून लिहून दिलेलं फक्त माझ्याकडे आहे."

लिहिणारीने चौकट हाती घेऊन चारही ओळी वाचिल्या. दस्तगीरांनी पुढे विचारिले, "एक कार्डही दाखवलं होतं त्यांनी, चिकटवलेलं. म्हणाले, पोरीने बरोबर धरलं, मी चुकलो. फार कौतुक होतं आवाजात. त्या तुम्हीच ना?"

"मीच."

मग लिहिणारीने दस्तगीरांस विनंती केली की एक डाव पाहावयाचा राहिला आहे, तो माझेबरोबर पाहावा. त्यांनी मान्य केले. विश्रामरावांची खुर्ची रिकामी ठेवून दोघे सतरंजीवर बसली आणि आवाज बंद करून सातवा डाव लाविला. डाव संपला.

"निळा, ताई," दस्तगीर म्हणाले. "लालचे वाजत होते, बसत नव्हते."

लिहिणारीने रविवारचे आपले कार्ड काढिले, सातव्या डावापुढील लाल खोडिले, समासात विश्रामराव करीत तैसी खूण केली आणि निळा लिहिले.

सारांश, त्या राज्यात पट्टे पुष्कळ जाहले, पट्टाधारी पुष्कळ जाहले, त्यांची नावे मंडळाचे दप्तरी आहेत. विश्रामरावांचे नाव तेथे नाही. परंतु एका माणसास त्यांनी त्याची झोप परत दिली, आणि एका मुलीस तिची चूक न बोलता सांभाळून दिली, ती मोठी होऊन स्वतः उचलू शकेल तोपर्यंत. ऐसा बाप लिहिणारीच्या वाट्यास चव्वेचाळीस वर्षे आला, हे तिचे भाग्य, त्याबद्दल ती कृतज्ञ आहे. मग दस्तगीर समोर असतानाच तिने रिकाम्या खुर्चीकडे तोंड केले आणि ऐकू जाईल इतक्या आवाजात ती बोलिली:

"बाबा, सातवा निळा होता. आणि ते कार्ड तुमच्या हातून नाही फाटलं. मी फाडलं. घाईत नाही. चुकले मी, बाबा."