जुना माल आधी

यंदा बायकोची भेटवस्तू आपण स्वतः, एकट्याने, कुणालाही न विचारता आणायची, असं स्टोअरकीपरने ठरवलं आणि तिथेच सगळं बिघडलं. माणसाने काही गोष्टी ठरवूच नयेत. ज्या न ठरवता बऱ्या चालल्या आहेत, त्या तर मुळीच नाहीत.

तशी त्यांच्या घरची व्यवस्था फार सोयीची होती. वर्षअखेरीच्या सुट्टीत सगळ्यांनी सगळ्यांना काहीतरी द्यायचं, हा बायकोच्या माहेरचा रिवाज. लग्नानंतर तो तिच्याबरोबरच या घरात आला. बायको सगळ्यांच्या वस्तू आणताना स्वतःचीही आणायची, कागदात बांधायची, आणि सुट्टीच्या सकाळी नवऱ्याच्या हातात देऊन म्हणायची, "हे तुम्ही मला देताय." तो द्यायचा. ती उघडून "अय्या!" म्हणायची. आत काय आहे हे खरोखर माहीत नसलेला तो एकटाच असल्यामुळे तोही मनापासून चकित व्हायचा.

मागच्या वर्षी साडूने घाण केली. साडू दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात बघूनही त्याला बायकोच्या मनातलं कळतं, हा एक अन्यायच. त्याने स्वतः दुकानं पालथी घालून बायकोसाठी एक शाल आणली. धाकट्या बहिणीने, म्हणजे आपल्या स्टोअरकीपरच्या बायकोने, ती शाल हातात घेतली, "छान आहे हो ताई," म्हणाली, आणि जरा जास्तच वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिली. स्टोअरकीपरने ते पाहिलं. पुढे वर्षभर तो हात त्याच्या डोळ्यांसमोरून हलला नाही.

म्हणून यंदा सुट्टीच्या दिवशी सकाळीच तो मोठ्या दुकानात शिरला. कारखान्याच्या स्टोअरमध्ये बोल्ट, वॉशर, बेअरिंग कुठल्या कप्प्यात आहेत हे तो डोळे मिटून सांगे. पण काउंटरवरच्या मुलीने पहिलाच प्रश्न असा टाकला की त्याचे डोळे उघडे असून उपयोग झाला नाही.

"मॅडमना काय आवडतं, सर?"

"तिला... तसं काही वावडं नाही."

"मग ड्रेस बघू या? साइज काय मॅडमचा?"

त्याने हात हवेत धरला. "माझ्या खांद्याला लागते. म्हणजे रागावलेली नसताना."

मुलीने ओठ दाबून हसू आवरलं. "मागच्या वर्षी काय दिलं होतंत? त्याला मॅचिंग काहीतरी देते."

त्याने डोकं खाजवलं. कागद निळा होता, एवढं नक्की आठवत होतं. आत काय होतं ते काही केल्या आठवेना. इतकी वर्षं आपल्याच हाताने दिलेली एकही वस्तू आपल्याला आठवत नाही, हे त्या चकचकीत काउंटरसमोर त्याला पहिल्यांदा कळलं, आणि कान गरम झाले. मुलीला दया आली असावी. तिने त्याला अत्तरांच्या विभागात पाठवलं. तिथल्या बाईने एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरं, मग कोपरावर, मग बाहीवर असं फवारत फवारत त्याला अगदी फुलबाग करून टाकलं. सगळे वास एकमेकांत मिसळले आणि त्याला फक्त शिंका येऊ लागल्या. शेवटी गर्दीने त्याला ज्या दारातून आत ढकललं होतं त्याच दारातून बाहेर ढकललं. हात रिकामे.

घरी बायकोने दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरली. "कुठे होतात?"

"दुकानात."

"कसल्या?"

"भेट बघत होतो."

"कुणाची?" असं विचारून ती त्याच्या बाहीकडे अशी बघत राहिली की त्याने ताबडतोब जाऊन शर्ट भिजत घातला.

आदल्या दिवशीच मेव्हणी आणि साडू राहायला आले होते आणि घरात मोठं जेवण झालं होतं. आता फ्रीजचं दार लावायचं तर गुडघा टेकवावा लागत होता. दोघी बहिणी आईला केस कापायला घेऊन निघाल्या होत्या. पायात चपला घालताना बायको फ्रीजकडे बघून म्हणाली, "आल्यावर बघते त्या शिळ्याचं," आणि तिने एक सुस्कारा सोडला.

त्या सुस्काऱ्याने स्टोअरकीपरच्या डोक्यात उजेड पडला. (त्याच्या डोक्यात उजेड पडला की घरात अंधार होतो, हे आजवर सिद्ध झालेलं आहे.) हीच भेट! आज तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. ती परत येईल तेव्हा टेबल मांडलेलं, गरम जेवण तयार, फ्रीज लख्ख. कुठल्या दुकानात मिळतं हे?

आता फ्रीजरच्या तळाशी असलेल्या एका डब्याविषयी इथेच सांगून टाकलेलं बरं. सासूबाई एक रस्सा करायच्या. त्यावर दोन्ही मुली वाढल्या, दोन्ही जावई मऊ झाले. काय घालता विचारलं तर म्हणायच्या, "अंदाजाने घालायचं." लिहून ठेवायचं राहून गेलं, आणि मग एके दिवशी अंदाजच गेला. आधी चष्मा हरवला, मग नावं, मग शेगडी बंद करायची आठवण. धाकटीने त्यांना आपल्याकडे आणलं. त्या आता शांत बसून असायच्या, पाहुण्यासारख्या अदबीने वागायच्या. मुलींना कधी ओळखायच्या, कधी शेजारच्या बाई समजायच्या. त्यांनी शेवटचा रस्सा केला त्यातला एक डबा धाकटीने दोन पिशव्यांत गुंडाळून फ्रीजरच्या तळाशी जपून ठेवला होता. सुट्टीत ताई आली की दोघींनी बसायचं, तो गरम करायचा, चमच्या-चमच्याने चाखायचा आणि आईने त्यात काय काय घातलंय ते शोधून काढायचं, असं ठरलं होतं. दुसरा डबा नव्हता. पुन्हा होणारही नव्हता.

हे सगळं बायकोने नवऱ्याला सांगितलं होतं, दोनदा. दोन्ही वेळा तो "हं" म्हणाला होता. संसारातले निम्मे अपघात या 'हं'मुळे होतात.

त्याने फ्रीज उघडला आणि त्याच्यातला स्टोअरकीपर दुखावला. नवा माल पुढे, जुना मागे! कारखान्यात एखाद्या हमालाने असं केलं असतं तर त्याने त्याला फैलावर घेतलं असतं. जुना माल आधी बाहेर काढायचा, हा त्याचा धर्म होता. त्याने सगळे डबे, वाट्या, झाकलेली ताटं फरशीवर मांडली आणि वास घेऊन, बोटाने दाबून वयाप्रमाणे रांग लावली. फ्रीजरच्या अगदी तळाशी त्याला तो डबा सापडला. वर चिठ्ठी नाही, झाकणावर बर्फाचा थर. ज्या मालावर चिठ्ठी नाही तो सगळ्यात जुना धरायचा, हेही त्याला पाठ होतं. आतला गोठलेला गोळा निघेना म्हणून त्याने स्क्रू ड्रायव्हर आणला. मोठ्या पातेल्यात पहिला मान त्या गोळ्याला मिळाला. त्यावर उकडलेले बटाटे, वाटाणे, कोंबडीचे उरलेले तुकडे, चिकट झालेला भात, कापलेला टोमॅटो आणि एका वाटीतलं काहीतरी पांढरं. ते खायचंच होतं, अशी आपण आशा करू या.

वासावर साडू आत आला. "काय शिजतंय? वास एकदम ओळखीचा येतोय."

"सरप्राइज आहे," स्टोअरकीपर ढवळत म्हणाला. दाताच्या डॉक्टरला बाहेर घालवताना त्याला फार बरं वाटलं.

बायका परतल्या तेव्हा टेबल मांडलेलं होतं. बायको दारातच थांबली. "हे तुम्ही केलंत?" तिच्या आवाजात असं काही होतं की ते ऐकायला तो आणखी दहा फ्रीज रिकामे करायला तयार झाला असता. त्याने तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "तू उठायचं नाहीस. ही माझी भेट." ती खरंच हसली. लाजलीसुद्धा जराशी. ते हसू मी मुद्दाम सांगतोय, कारण ते पहिला घास घेईपर्यंतच टिकलं.

पहिला घास मेव्हणीने घेतला. तिचे डोळे भरून आले. "अगं, ही तर... ही आईच्या हातची चव आहे!"

स्टोअरकीपरने विनयाने मान खाली घातली. बायको मात्र उठली. उठू नकोस म्हणेपर्यंत ती स्वयंपाकघरात पोचली होती. फ्रीजरचं दार उघडल्याचा आवाज आला.

ती परत आली आणि खुर्चीमागे उभी राहिली. "तळाचा डबा?"

"जुना माल आधी..." तो म्हणाला.

"मी तुम्हाला सांगितलं होतं."

"कधी?"

"चादरीच्या घड्या घालताना. दुसरं टोक तुम्हीच धरलं होतं."

ती ओरडली असती तर त्याने कान बंद केले असते. ती ओरडली नाही. दोघी बहिणी बसल्या आणि डोळे मिटून एक-एक घास चघळू लागल्या. "ही दालचिनी?" "नाही गं, ती कालच्या भातातली." "हे आंबट कशाचं?" "अहो, हे आंबट कशाचं?" त्याने काही आठवतंय का बघितलं. एका वॉशरचा हिशेब चुकला तर ज्याला जेवण जात नसे, त्याला पातेल्यात आपण काय ओतलं हे सांगता येईना. आपण या घरात इतकी वर्षं राहिलो आणि हजर मात्र कधीच नव्हतो, असं त्याला वाटलं, आणि ते खरंही होतं.

सासूबाईंनी मात्र ताट पुसून खाल्लं. मग चमचा खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कुणी केलं हो हे?"

साडूने चमच्याने दाखवलं. "यांनी."

"फार छान," सासूबाई स्टोअरकीपरला म्हणाल्या. "हाताला चव आहे तुमच्या."

लग्न झाल्यापासून तो या बाईच्या तोंडून एका चांगल्या शब्दाची वाट बघत होता. आजवर सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "जावई शांत आहेत" एवढीच. आज हवं ते मिळालं होतं, तेही चोरीच्या मालावर. त्याच्या तोंडात घास फिरत राहिला.

मग सासूबाईंनी धाकट्या मुलीकडे हात केला. "या बाईंनाही शिकवा. यांच्या आईने यांना काही शिकवलेलं दिसत नाही."

बायकोने ताटावर मान झुकवली. ती हसत होती की रडत होती हे त्याला कळेना, आणि विचारायचा धीर होईना.

दुसऱ्या दिवशी मेव्हणीला युक्ती सुचली. "आईला वाटतंय रस्सा हेच करतात. मग यांनाच करू दे. हे चुकले की ती टोकेल. आणि चुकण्यात यांचा हात कोण धरणार?"

स्टोअरकीपरला ॲप्रन बांधण्यात आला. सासूबाईंना शेगडीजवळ खुर्ची दिली. दोघी बहिणी दाराशी श्वास रोखून उभ्या राहिल्या. त्याने कांदा घेतला आणि बारीक चिरायला लागला.

"उभा," सासूबाई म्हणाल्या.

बायकोने बहिणीचं मनगट घट्ट धरलं. त्याने कांदा उभा चिरला. तो तेलात पडला आणि जरा गुलाबी झाला तसा त्याने टोमॅटो उचलला.

"थांबा की! करपू द्या कडेने. लसूण नंतर. घाई कसली?" त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला होता. तो मुद्दाम चुकत गेला (काही ठिकाणी मुद्दाम नव्हे), आणि त्या टोकत गेल्या. मिरी कुटून नाही, अख्खी. पाणी गार नाही, उकळतं. आयुष्यात पहिल्यांदा तो एक-एक शब्द कान देऊन ऐकत होता.

आणि मग त्या थांबल्या. त्याने दालचिनी दाखवली. "ही?" त्या हसल्या. लवंग दाखवली. "ही घालू?" त्या पुन्हा हसल्या, पाहुण्यांकडे बघून हसावं तशा, आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. त्याने हळद दाखवली, तीळ दाखवले, शेवटी काकुळतीला येऊन साखरसुद्धा दाखवली. बायको पुढे आली आणि तिने त्याच्या हातातून डबा काढून घेतला. "राहू द्या," ती म्हणाली. "एवढं तरी मिळालं." आणि जरा वेळ ती त्याच्या शेजारीच उभी राहिली.

जे झालं ते त्यांनी एका वाटीत सासूबाईंना दिलं. त्यांनी चमचाभर चाखलं, तोंडात घोळवलं, विचार केला. तिघेही त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी वाटी हळूच दूर सारली आणि स्टोअरकीपरच्या हातावर थोपटलं.

"वाईट वाटून घेऊ नका. सगळ्यांनाच नाही जमत." आणि मुलीकडे वळून, त्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण चांगल्या खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, "उद्यापासून ज्यांनी काल केला होता त्यांनाच बोलवा. या माणसाला नुसती भांडी द्या घासायला."